रिपोर्टातली साखर

आमच्या इंदुरात साखर दोन तऱ्हेची असते. एक रक्तातली, एक रिपोर्टातली.

रक्तातली वर्षभर आपल्या चालीने चालते. सकाळी पोह्यांबरोबर जलेबी, आणि पाहुणे आले की रात्री सराफा. तिथे सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं पडली की त्यांच्याच ओट्यांपुढे रबडी, मालपुवे आणि ताटलीएवढा जलेबा सुरू होतो. पाहुण्याला एकट्याने खाऊ देणं आपल्यात शोभत नाही. रिपोर्टातल्या साखरेसाठी मात्र तपासणीआधी दोन दिवस कडक पथ्य. बिनसाखरेचा चहा, भात बंद, बागेत दोन फेऱ्या जास्त. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि आकडा बरा आला की कागद खिशात घालून थेट पोह्याच्या ठेल्यावर. ‘भिया, सेव जरा ज्यादा.’

आमच्या गल्लीतल्या एका काकांचा हा शिरस्ता. ते कुणाला फसवतात, असं विचाराल तर उत्तर सापडत नाही. त्यांनी एकही खोटा शब्द उच्चारलेला नसतो. आकडा खरा, पथ्यही खरं. आणि डॉक्टरला फसवून मिळवायचं काय? तो तर फी घेऊन मोकळा.

जॉर्ज क्वात्रोन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९८४चा एक प्रयोग वाचला, तेव्हा मला पहिल्यांदा काकाच आठवले. त्यांनी विद्यार्थ्यांना गारेगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. मग थोडा वेळ सायकल चालवायला लावली आणि बोलता बोलता सांगितलं, की ज्यांचं हृदय धडधाकट असतं त्यांना व्यायामानंतर गारवा जास्त वेळ सोसतो. काहींना नेमकं उलट सांगितलं, की कमी सोसतो. पुन्हा हात बुडवले तेव्हा पहिल्या गटातल्या बहुतेकांनी हात जास्त वेळ ठेवला, दुसऱ्या गटातल्यांनी लवकर काढला. मुद्दाम केलंत का, असं विचारल्यावर बहुतेक म्हणाले, छे! ज्या थोड्यांनी कबूल केलं, त्यांना मात्र आपल्या हृदयाबद्दल तितकासा भरवसा वाटला नाही. म्हणजे हे औषध लागू पडायचं, तर ते आपणच घेतलंय हे आपल्याला दिसता कामा नये.

माणूस स्वतःलाच फसवतो म्हणायचं, तर तत्त्वज्ञांची अडचण इथेच आहे. फसवणाऱ्याला खरं ठाऊक असावं लागतं, फसणाऱ्याला नसावं लागतं, आणि इथे दोघं एकाच सदऱ्यात. फ्रॉइडने मनाच्या दारात एक पहारेकरी बसवून वाट काढली: नकोसं ते तो आत येऊ देत नाही. १९४३ साली फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने त्यालाच धरलं. काय अडवायचं हे त्या पहारेकऱ्याला कळतं, म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे. मग फसलं कोण? अलीकडचे काही जण म्हणतात, आत कुणी लबाड बसलेलाच नाही, इच्छा नुसती लक्ष वळवते. हे पटायला सोपं आहे. काका अर्धी जलेबी घेतात, थोड्या वेळाने पुन्हा अर्धी घेतात, आणि अर्ध्यांची बेरीज करायचं त्यांच्या लक्षातच येत नाही.

पण मग ‘तीन महिन्यांची’ का टाळतात? एचबीएवनसी ही तपासणी दोन दिवसांच्या पथ्याला भीक घालत नाही. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब तिथे निघतो. डॉक्टर चिठ्ठीवर ती दर वेळी लिहितात आणि काकांची नेमकी तीच राहते. महाग पडते, पुढच्या खेपेला बघू. लक्ष नुसतं वळलं असतं तर एखाद्या वेळी चुकून तरी झाली असती! सार्त्रचा पहारेकरी मला या चिठ्ठीपाशी स्पष्ट दिसतो. तुकोबांनी सत्य-असत्याला मन ग्वाही ठेवलं. त्यांचं मन तसं होतं. आमच्याकडे ग्वाहीच फितूर.

रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञाने १९७६मध्ये वेगळंच सुचवलं होतं: जगाला बेमालूम फसवता यावं म्हणून माणूस आधी स्वतःला फसवतो, म्हणजे चेहऱ्यावर काही उमटत नाही. परक्यांपुढे हे चालतही असेल. काकूंपुढे नाही. काका फिरून आले की त्या आधी मिशीकडे बघतात. ‘अहो, पोह्यांवरचं जीरावन पुसा,’ एवढंच म्हणतात आणि कुर्त्याच्या बाहीवरचा पाकाचा डाग धुवायला काढतात. तिथे कसलाही गौप्यस्फोट नसतो. पण ओरडाही नसतो, त्यामुळे काकांचं हे सगळं सुखाने चालतं. यात काकूंचा वाटा बराच आहे असं मला वाटतं.

यंदा दिवाळीनंतर मात्र काकूंनी रक्त घ्यायला पॅथॉलॉजीच्या मुलाला घरीच बोलावलं आणि एकाच सुईत दोन्ही तपासण्या करून घेतल्या. उपाशीपोटी ११८. तीन महिन्यांची ७.९, तिथे ६.५ला मधुमेह धरतात.

काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. पॅथॉलॉजीला नावं ठेवली नाहीत, आकडाही नाकारला नाही.

‘या तीन महिन्यांत गणपती आले, नवरात्र आलं, दिवाळी आली,’ ते म्हणाले. ‘सरासरी वरच निघणार. साध्या तीन महिन्यांची काढा की!’

‘ते कुठले, तेवढं सांगा,’ काकू म्हणाल्या, ‘मी त्याच महिन्यांत बोलावते.’

काका कालनिर्णय काढून बसले. संक्रांतीपर्यंत पोचलेत.