सात जागा कमी पडल्या

नामिबिया स्वतंत्र झाला २१ मार्च १९९० ला. त्यामुळे इथे पन्नाशी ओलांडलेल्या कुणाशीही बोललात, तरी गोऱ्यांचं राज्य ही ऐकीव गोष्ट नसते. आधी जर्मन, मग पहिल्या महायुद्धापासून दक्षिण आफ्रिका.

राजधानी विंडहूकमध्ये ते राज्य अजून नकाशावर दिसतं. काळ्या लोकांना जुन्या वस्तीतून उठवून शहराबाहेर कातुतुरात नेऊन बसवलं. त्याला विरोध करणाऱ्यांवर १० डिसेंबर १९५९ ला गोळीबार झाला. आज त्याच कातुतुरात मी कापाना खायला जातो. (शाकाहारी मंडळींनी पुढची दोन वाक्यं गाळावीत.) विस्तवावर बीफच्या पट्ट्या भाजत असतात, आपण बोट दाखवायचं, भाजणारा तिथल्या तिथे तुकडे करून देतो. तिखट-मिठात बुडवायचे आणि उभ्याउभ्याच खायचे. तिथे एकदा शेजारचे गृहस्थ १९८९ च्या मतदानाबद्दल सांगत होते. नोव्हेंबरात पाच दिवस मतदान चाललं, तरी यांनी पहिल्याच दिवशी पहाटे नंबर लावला होता!

ती निवडणूक संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली झाली. त्यांच्या फौजेचे प्रमुख होते आपले लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद, हे मला इथे येऊन कळलं. मतदान ९७ टक्के. स्वातंत्र्यलढा लढलेल्या स्वापो पक्षाला ७२ पैकी ४१ जागा मिळाल्या. राज्य करायला पुरेशा, पण घटना मंजूर करायला दोन तृतीयांश, म्हणजे ४८ हव्या होत्या.

माझ्या मते या देशाचं नशीब त्या सात जागांनी घडवलं. कालपर्यंत ज्यांच्याशी लढलो त्यांच्याशीच बोलणं भाग पडलं. सगळ्यांना मान्य तत्त्वांचा मसुदा १९८२ पासून तयार होताच. संविधान सभा बसली आणि ८० दिवसांत, ९ फेब्रुवारी १९९० ला, घटना एकमतानं मंजूर! आपल्याकडे जवळपास तीन वर्षं लागली होती. राष्ट्राध्यक्षाला दोनच कार्यकाळ, मूलभूत हक्क, फाशीची शिक्षा बंद.

तडजोड फुकट मात्र नव्हती. मालमत्तेच्या हक्काला घटनेनंच संरक्षण दिलं, जमीन घ्यायची तर मोबदला देऊन. परिणाम असा, की मोठमोठ्या शेतजमिनींचा बहुतांश हिस्सा आजही गोऱ्यांकडेच आहे. हा विषय काढला की ऑफिसात चहा थंड होतो.

१९९४ ला स्वापोला ५३ जागा मिळाल्या, दोन तृतीयांशाची अडचण उरली नाही. १९९८ ला पहिली घटनादुरुस्ती झाली, ती कशासाठी? पहिले राष्ट्राध्यक्ष सॅम नुजोमा यांना तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होता यावं म्हणून. मान द्यायला हवा तो याला, की २००५ ला ते मुकाट्यानं पायउतार झाले. आसपासच्या देशांत हे सगळ्यांना जमलेलं नाही.

२०१९ ला स्वापोला ९६ पैकी ६३ जागा, दोन तृतीयांशाला एक कमी. २०२४ ला तर ५१. घटनेला हात लावायचा तर आता पुन्हा विरोधकांची मनधरणी करावी लागणार.