तुम्ही विचारलंत म्हणून : वाईचा माणूस आणि लँगहोमचा इतिहास

वाईत वाढलेल्या माणसाने स्कॉटलंडमधल्या जेमतेम अडीच हजार वस्तीच्या गावाचा इतिहास इतकी वर्षे का वाचावा, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर पसरणीचा घाट चढून गेल्यावर सापडते. माझे आजोबा महाबळेश्वरच्या बाजारपेठेला शेवटपर्यंत ‘मालकम पेठ’ म्हणत. हा मालकम कोण आणि कुठला, हे शोधता शोधता मी एस्क नदीच्या खोऱ्यात पोचलो आणि तिथेच रमलो.

लँगहोम (तिथले लोक ‘लँगम’ म्हणतात) हे गाव इंग्लंडच्या सीमेजवळ, एस्क, यूज आणि वॉकोप या तीन प्रवाहांच्या संगमावर, उघड्या डोंगरांच्या कुशीत वसले आहे. सोळाव्या शतकात हा मुलूख सीमेपलीकडची गुरे पळवणाऱ्या घराण्यांचा होता आणि त्यांत आर्मस्ट्राँग हे नाव सर्वांत दरारा असलेले. त्यांचा नायक जॉनी आर्मस्ट्राँग याला राजा पाचव्या जेम्सने १५३० मध्ये साथीदारांसह फासावर चढवले. पुढे १९७२ मध्ये त्याच आडनावाच्या, चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांना लँगहोमने मानाचे नागरिकत्व दिले. गावाबद्दल लिहिणारे बहुतेक जण याच गोष्टीपाशी थांबतात. मला मात्र तिथल्या बर्नफूट नावाच्या शेतघराची ओढ अधिक आहे.

त्या घरात जॉर्ज माल्कम या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला सतरा मुले झाली. मुलगे लहान वयातच नशीब काढायला बाहेर पडले आणि त्यांपैकी जेम्स, पुल्टनी, जॉन व चार्ल्स या चौघांना पुढे ‘सर’ हा किताब मिळाला. आजोबांच्या ‘मालकम पेठे’तला मालकम तो हाच जॉन. त्याचा जन्म १७६९ चा. बारा-तेरा वर्षांचा असताना त्याला लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपुढे उभे केले गेले. हैदर अली समोर आला तर काय करशील, असे विचारल्यावर तलवार उपसून त्याचे डोके उडवीन, असे उत्तर त्याने दिले आणि त्याची निवड झाली, असे सांगतात. मला अधिक विचार करायला लावतो तो मात्र पुढचा योगायोग. आरमारातला भाऊ पुल्टनी १८१६-१७ मध्ये सेंट हेलेना बेटावर, कैदेतल्या नेपोलियनभोवतीच्या पहाऱ्याच्या जहाजांचा प्रमुख होता. आणि त्यानंतर वर्षभरातच, जून १८१८ मध्ये, अशीरगडाजवळ दुसरे बाजीराव पेशवे जॉनच्या स्वाधीन झाले. त्याआधी डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, त्या लढाईतही जॉन होताच. बाजीरावांना वर्षाला आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन त्याने कबूल केले, तेव्हा ते फार उदार आहे म्हणून गव्हर्नर जनरल नाराज झाले होते. आमच्या शाळेत पेशवाईच्या अखेरीचा धडा पुण्यापासून बिठूरपर्यंत जात असे. त्याचा एक धागा बर्नफूटच्या कर्जबाजारी घरापर्यंत जातो, हे मला फार उशिरा कळले.

याच खोऱ्यात, वेस्टरकर्क परगण्यात, १७५७ मध्ये एका मेंढपाळाच्या घरी टॉमस टेलफर्ड जन्मला. बाप लगेच वारला. पोराने लँगहोममध्ये गवंडीकाम शिकले आणि पुढे वेल्समधल्या मेनायच्या सामुद्रधुनीवर झुलता पूल बांधून तो त्या काळचा अग्रगण्य अभियंता ठरला. जन्मगाव तो विसरला नाही. मृत्युपत्रात वेस्टरकर्क आणि लँगहोम या दोन्ही ठिकाणच्या ग्रंथालयांसाठी त्याने पैसे ठेवले. वेस्टरकर्कचे ग्रंथालय १७९३ मध्ये अँटिमनी या धातूच्या खाणीतल्या कामगारांनी सुरू केलेले होते. तिथे महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या दिवशी पुस्तके बदलून मिळत आणि दूरदूरच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे पुस्तकांसाठी येत. चांदण्यात, बगलेत पुस्तक घेऊन डोंगरवाटेने परतणारा मेंढपाळ माझ्या डोळ्यांपुढे इतक्या वेळा येतो, की ते खोरे मला परके वाटेनासे झाले आहे.

गावाचा सर्वांत मोठा दिवस जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी असतो. १७५९ मध्ये न्यायालयाने गायरानाच्या सीमा ठरवून दिल्या, तेव्हापासून ती शीव दरवर्षी तपासण्याची प्रथा पडली. आधी एक माणूस पायी फिरत असे, १८१६ पासून घोडेस्वार जातात. गावाने निवडलेला ध्वजधारी तरुण पुढे आणि त्यामागे घोड्यांचा ताफा व्हिटा डोंगर चढतो. मिरवणुकीत लाकडी फळीवर खिळ्याने ठोकलेली सातूची भाकर आणि खारवलेला मासा असतो, भलेमोठे काटेरी फूल असते, आणि शिवेच्या खुणा नीट करण्यासाठी फावडे असते. कोणी याला नुसता उत्सव म्हटले तर मला पटत नाही. सामाईक जमीन कोणी गिळू नये म्हणून घातलेला तो पहारा आहे. २०२१ मध्ये याच गावाने पैसे गोळा करून शेजारच्या माळरानाची पाच हजारांहून अधिक एकर जमीन सरदार घराण्याच्या जहागिरीकडून विकत घेतली, त्यामागे मला तीच सवय दिसते.

त्या व्हिटा डोंगराच्या माथ्यावर शंभर फुटी दगडी स्तंभ आहे. १८३५ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तो जॉन माल्कमचा. शीव तपासायला निघालेले घोडे दरवर्षी तिथवर चढतात. मुंबईचा गव्हर्नर असताना याच माणसाने १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला आणि वाईकडचे खंडाळा गाव देऊन महाबळेश्वरचा डोंगर घेतला. जिथे गायरानाच्या खुणा दरवर्षी फावड्याने नीट केल्या जात, तिथे तो वाढला होता, हे आठवले की मी त्या कराराकडे पुन्हा वळतो. आणि खंडाळ्याची व त्या डोंगरावरची रयत त्या दिवसांत काय बोलत असेल, असा विचार करत राहतो.