अंतर तेच, मग वेळ वेगळी का?

पृथ्वीगोल वर्गात आणला की सोबत मी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणते. एक टोक टोकियोवर अंगठ्याने दाबून धरायचं, दुसरं न्यूयॉर्कवर. दोरा सैल असतो तोवर प्रशांत महासागरावर लोळत असतो. ताणला की आपोआप वर सरकतो आणि अलास्कावर जाऊन बसतो. मुलं पुढे वाकून बघतात. भिंतीवरच्या सपाट नकाशात सरळ रेघ महासागर ओलांडून थेट अमेरिकेत शिरते, त्यामुळे हे पटकन पटत नाही. पण गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच, बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलाचे बरोब्बर दोन अर्धे भाग करणाऱ्या वर्तुळावरचा. दोन शहरांमधलं हवाई अंतर म्हणून जो आकडा दिसतो तो याच ताणलेल्या दोऱ्याचा.

यंदा एका मुलीने विचारलं, लंडन ते न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर, मग जाताना आठ तासांच्या आसपास आणि येताना सातच का? मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "पृथ्वी फिरते म्हणून!" हे उत्तर मला दरवर्षी मिळतं, आणि ते खोडून काढायला मला मनापासून आवडतं. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेतलं विमानही. फरक पाडतो तो वारा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात. जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे जोरदार वारे मोजले होते. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, अंतर मात्र आपण जमिनीवर मोजतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी भोवतालच्या हवेत ते नेहमीसारखंच उडत होतं.

तिकिटावरच्या वेळांनी आणखी घोळ होतो. त्या त्या-त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात. लंडनहून अकराला निघून न्यूयॉर्कला दुपारी दोनला उतरलो तर तीन तास झाले असं वाटतं, पण पाच तासांचा फरक त्यात मिळवायचा राहिलेला असतो. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची. धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच आली.

मग मी फळ्यावर गणित घातलं. अंतर तेच ५,५४० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर, वारा ताशी १००. मागून वारा असला तर ५ तास ३२ मिनिटं, समोरून असला तर ६ तास ५५. त्या मुलीचं म्हणणं, जाताना तोटा, येताना फायदा, म्हणजे फिटंफाट. वारा नसता तर जाऊन-येऊन किती, ते तूच काढ म्हटलं. १२ तास १९ मिनिटं आली. वाऱ्यासकट १२ तास २८. नऊ मिनिटं जास्त! समोरचा वारा असताना आपण त्या वाऱ्यात जास्त वेळ अडकतो, म्हणून तोटा फायद्याहून मोठा. तिने वहीत गणित परत केलं, उत्तर तेच आलं. मग वाऱ्याचा वेग दोनशे धरून पुन्हा सुरुवात केली. तोवर घंटा झाली होती.