अंगठे आले, ऑर्डरी नाही आल्या

पहिल्या वर्षी आंब्याच्या मेसेजला ४४ अंगठे आणि ६ नमस्कार आले. ऑर्डरी आल्या दोन, त्यातली एक माझ्या नणंदेची.

पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. भाऊ माल वाशीच्या बाजारात पाठवतो. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की भाडं, हमाली, कमिशन जाऊन हातात काय उरलं ते तो सांगतही नाही. म्हणून ठरलं, थोडा माल मी पुण्यात थेट विकायचा. माझं मराठीत एम. ए. झालंय, चार ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो?

चारच्या बावीस झाल्या. आजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे कसे घेतले, त्यात माती कशी भरली, खाडीवरचा वारा, २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन. सगळं खरं होतं. शेवटी 'इच्छुकांनी संपर्क साधावा'.

वहिनीचा फोन आला. "ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. पण आंबे मागवायचे कसे, ते कुठे लिहिलंत?"

मग अंगठेवाल्यांपैकी दहाबारा जणांना मीच फोन लावले. मावशी म्हणाली, "अगं, मला वाटलं तू नुसतं कळवलंस." शेजारच्या काकूंना पाच डझनांची पेटी दोघांच्या घरात संपायची कशी, ही काळजी. कुणी विचारलं, पिकलेला की कच्चा? घरी आणून देणार की घ्यायला यायचं? किंमत मी लिहिलीच नव्हती. पैशाचं बोलायला संकोच वाटला होता. आणखी एक घोळ तेव्हाच कळला. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांच्याकडे आपला नंबर सेव्ह असतो त्यांनाच पोचते. माझ्या यादीतल्या कित्येकांच्या फोनवर तो मेसेज गेलाच नव्हता!

दुसरा मेसेज लिहिताना डोळ्यांसमोर फक्त त्या काकू ठेवल्या. बाकी १८० जणांना विसरले.

'दोघातिघांच्या घराला पुरेल अशी दोन डझन हापूसची पेटी. पावसच्या आमच्या बागेतला, गवताच्या अढीत घातलेला, घरी आल्यावर तीन-चार दिवसांत खायला तयार. १,८०० रुपये, घरपोच. शनिवारी सकाळी कोथरूड, कर्वेनगर, वारजे. टेम्पो शुक्रवारी निघतो, म्हणून गुरुवारी रात्रीपर्यंत "हो" आणि पेट्यांचा आकडा पाठवा.'

मेसेजमधून आजोबा गेले, कातळ गेला. वाईट वाटलं. (आता ते पेटीतल्या चिठ्ठीवर आहेत, आंबा खाता खाता लोक वाचतात.) त्या आठवड्यात ३१ पेट्या गेल्या.

यश डोक्यात जायला वेळ लागत नाही. अक्षय तृतीयेच्या आधी मी 'शेवटच्या १० पेट्या!' असं ठोकून दिलं. भावाकडे तेव्हा माल पडून होता. पेट्या तासाभरात संपल्या, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा मेसेज गेल्यावर त्याच काकूंनी विचारलं, "काय गं, मागच्या वेळी शेवटच्या होत्या ना?" मला उत्तर सुचेना. गुरुवारची मुदत लोक मुकाट्याने पाळतात, कारण टेम्पो खरंच शुक्रवारी निघतो.

सगळ्यात मोठा वाद झाला साक्यावरून, म्हणजे आंब्याच्या आतल्या पांढरट, खराब गरावरून. हापूस बाहेरून कितीही देखणा असला तरी आत साका आहे का, ते कापल्याशिवाय कळत नाही. मला लिहायचं होतं, 'साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या खेपेत जास्तीचे.' भाऊ उखडला. "आपल्याच मालाची बदनामी आपणच करायची?" मी म्हटलं, खाणाऱ्याला साका माहीत आहेच, आपल्याला माहीत आहे हे त्याला कळू दे. वहिनीने माझी बाजू घेतली तेव्हा ती ओळ मेसेजमध्ये गेली. त्यानंतर अनोळखी नंबरांवरून विचारणा सुरू झाली. कुणीतरी मेसेज पुढे ढकलला होता. अख्ख्या मोसमात साक्याचे फोटो आले १७. एक फोटो पायरीचा निघाला, त्यालाही आंबे दिले.

यंदा मेसेज भावानेच लिहून पाठवला. सहा ओळी, किंमत दुसऱ्याच ओळीत. मी फक्त एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं.

एक काका मात्र अजूनही नुसता अंगठाच पाठवतात. त्यांना फोन करून विचारावं लागतं, एक की दोन.