पुढच्या चाकांचे वजन मिळवताना

वरूड भागात संत्र्याच्या कलमांची ने-आण करण्यासाठी कोणी जीपमागे ट्रेलर लावणार असेल, तर त्याने पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) आणि हिच (हुकासह ट्रेलर जोडण्याचा सांधा) यांच्याही आधी वजनकाट्याची सोय पाहावी. ट्रेलरची नोंदणी आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे लागणारी बदलाची मंजुरी मला सुरळीत मिळाली. अडले ते काट्यावर.

मातीच्या पिशव्यांसह भरलेला ट्रेलर साधारण एक टनाचा होता आणि त्याच्या दांड्याचा सुमारे १२० किलो भार जीपच्या हुकावर येत होता. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा लागतो, नाहीतर ट्रेलर रस्त्यावर डुलू लागतो. मात्र हूक मागच्या चाकांच्याही मागे असल्याने जीपची पुढची बाजू उचलली जाते आणि स्टिअरिंग हलके पडते. मिस्त्रीने एक पाटा वाढवला, एअर बॅग (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) बसवल्या आणि गाडी सपाट दिसताच काम झाल्याचे सांगितले. मला ते मुळीच पटले नाही. पाटे आणि एअर बॅग मागची बाजू उचलून धरतात, वजन पुढच्या चाकांवर परत नेत नाहीत. ते काम हिचच्या ताणलेल्या स्प्रिंग बारचे (हिचपासून ट्रेलरच्या दांड्याला जोडलेल्या लवचीक सळयांचे) असते, आणि ते किती साधले हे एकेका एक्सलचे वजन घेतल्यावरच नेमके कळते.

काट्यावरच्या माणसाने मात्र केवळ पुढची चाके चढवू देण्यास साफ नकार दिला. "भाऊ, पुरी गाडी चढल्याबिगर पावती निंगत नाही," हे त्याचे ठरलेले उत्तर. मला पावती नको होती, समोरच्या पडद्यावरचा आकडा हवा होता, आणि त्यासाठी पूर्ण शुल्क द्यायचीही माझी तयारी होती. परंतु अंबिया बहराच्या संत्र्यांचा हंगाम असल्याने मागे संत्र्याच्या गाड्यांची रांग लागलेली, भोंगे वाजत असलेले, आणि प्रत्येक फेरीत तोच वाद. ट्रेलर सोडून, ट्रेलर जोडून आणि बार ताणून अशी तीनदा वजने लागतात. नंतर एअर बॅगेत हवा वाढवली तर बारचा ताण कमी होतो, म्हणून पुन्हा एकदा. एकूण वजनावरून यातले काहीच कळत नाही, हे त्याने कधी ऐकूनच घेतले नाही.

अखेर दुसऱ्या एका काट्यावर, पहाटे गाड्या येण्यापूर्वी, तिथल्या काकांनी शांतपणे आकडे वाचून दाखवले: पुढच्या एक्सलवर आधी ९२० किलो, ट्रेलर जोडल्यावर ८७०, बार ताणल्यावर ९००. गेलेल्या वजनापैकी निम्म्याहून अधिक परत आले होते, आणि तो कागद मी अभिमानाने मिस्त्रीला दाखवला.

एअर बॅगेत सुरुवातीला कमीत कमी हवा ठेवावी, आधी बार जुळवावेत. काटा मिळेपर्यंत पुढच्या चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून ठेवावी. यातल्या कशानेही गाडीची किंवा हुकाची ठरलेली वजनमर्यादा वाढत नाही. पांदण रस्त्यावर खोल नाला ओलांडण्यापूर्वी बार सैल करावेत, कारण तिथे त्यांच्यावर आणि हुकावर बेसुमार ताण येतो.