दोन थर, भाग ७ : निळ्या रंगानं मामा बनवलं

राजेहो, पाण्यात पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, लांब साखळीचं पॉलिमर) आणि एखादा क्षार भरपूर विरघळवला की वर पीईजीचा आणि खाली क्षाराचा असे दोन थर होतात; प्रथिन त्यातल्या कुठल्या थरात जातं, ते आपण बघतोय. मागच्या भागात छाती ठोकून लिहिलं होतं की अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन खालच्या थरातच बसतं, सामू काहीही ठेवा. ते शब्द परत घेतो.

काल घरात अंडी संपली होती, म्हणून नुसत्या पीईजी-अमोनियम सल्फेटवरच बाययुरेट केली (कॉस्टिक सोडा आणि मोरचूद घालून प्रथिन ओळखायची चाचणी). खालचा थर गडद निळा! प्रथिनाचा कण नसताना. कॉस्टिक पडलं की सल्फेटातून अमोनिया सुटतो, तो मोरचुदातल्या तांब्याला धरतो आणि निळाशार होतो. प्रथिनाचा रंग जांभळा हे पाठ आहे, पण ट्यूबलाइटखाली फरक कळला नाही. वास येत होता, तो मी मागच्या नाल्यावर ढकलला. तीन आठवडे पाण्यात.

आता खत, म्हणजे अमोनियम सल्फेट, बाद. इतवारी बाजारात सोडियम सायट्रेट सुटं मिळालं. ऑनलाइनवाले किलोखाली बोलत नाहीत. पीईजीही ६००० ऐवजी ४०००, साखळी लहान असली की प्रथिनाला वर जागा होते. सामू ८ ला थर झटक्यात वेगळे झाले. उष्णता वाढली की हे थर आणखी सहज होतात, त्यामुळे नागपूरचा मे महिना एकदाचा कामी आला.

मग लिंबूसत्त्व टाकत सामू ५ वर आणला आणि मधली रेघ डोळ्यांदेखत विरघळली. आधी वाटलं पीईजी भेसळीचं. तसं नाही, आम्लात सायट्रेटचे ऋणभार कमी होतात, पीईजीला दूर लोटायचा जोर जातो. सायट्रेट वाढवलं, रेघ परतली, पण तिच्यावर सायीसारखा पांढरा पापुद्रा. ओव्हाल्ब्युमिनचा (अंड्याच्या पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन) समविद्युत बिंदू, म्हणजे भार शून्य होतो तो सामू, ४.५ च्या आसपास. तिथे भार जवळजवळ शून्य, वर एवढं मीठ; गोळा होणारच.

सामू ७, चिमूटभर साधं मीठ: पापुद्रा विरळ, वरचा थर फिकट जांभळा. शेजारची कोरी, बिनप्रथिनाची नळी फिकट निळीच. दोनदा पाहिलं!

पण वर गेलं कोण? पांढऱ्यातल्या प्रथिनात ओव्हाल्ब्युमिन निम्म्याहून जास्त, लायसोझाइम जेमतेम ३.५ टक्के, बाययुरेट दोघांत फरक करत नाही. म्हणून पुढे पपईचा चीक; त्यातलं पपेन हे प्रथिनं तोडणारं विकर आपल्या कामावरून ओळखू येतं. पपेननं दूध फाटतं, तेवढा वेळ मोजायचा... थांबा, सायट्रेट दुधातला कॅल्शियम बांधून ठेवेल, दूध फाटणारच नाही. मग जुनी एक्स-रे फिल्म! पपेन तिच्यावरचा जिलेटिनचा थर खातं, थेंबाखाली पारदर्शक प्लास्टिक दिसायला लागतं. डिजिटल प्रिंट चालणार नाही, पूर्वीची धुतलेली फिल्म हवी. काकांच्या गुडघ्याची फाइल मागितली आहे.