सही कुठे होते, हे विचारायचं राहिलं

३० सप्टेंबर २०२३, शनिवार. संध्याकाळी साडेपाचला सांगलीतल्या एका सीए ऑफिसातून आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करणाऱ्या मुलीचा फोन आला. "दादा, सरांचं डिजिटल सहीचं टोकन गेलं. दिसतच नाहीये. अजून सहा रिपोर्ट राहिलेत."

टॅक्स ऑडिटचे रिपोर्ट अपलोड करायची ती शेवटची तारीख होती. चुकली असती तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम २७१ ब खाली क्लायंटला दंड लागू शकला असता: उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यांतली जी रक्कम कमी असेल ती. २८ तारखेला अनंत चतुर्दशी होती, ईदची सुट्टी राज्य सरकारने २९ ला दिली होती. त्यामुळे ऐन शेवटच्या आठवड्यातले दोन दिवस गेले होते. सर गणपतीसाठी कोकणात गावी होते. २९ ला रात्री परतायचे होते, पण वडिलांची तब्येत बिघडल्याने थांबावं लागलं. जवळ लॅपटॉप नव्हता. टॅबलेट होता, कारण गेले चार महिने तोच त्यांचा मुख्य कॉम्प्युटर होता, आणि ती मांडणी मीच करून दिली होती.

ती कशी होती ते आधी सांगतो, कारण तिच्यातला बराचसा भाग मी आजही तसाच करेन.

१२.९ इंची आयपॅड प्रो, पेन्सिल आणि ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड. वजन कमी होईल म्हणून कोणी टॅबलेट घेत असेल तर त्याला मी आधीच थांबवतो. नुसता टॅबलेट ६८२ ग्रॅमचा असला तरी तो कीबोर्ड लावला की जवळपास १.४ किलो होतात. पातळ लॅपटॉप त्याहून हलका मिळतो. सरांना हवं होतं ते वेगळं. हळद व्यापाऱ्याच्या गोदामात उभं राहून व्हाउचर तपासायची, बिलाचा फोटो घेऊन त्यावरच पेन्सिलने खूण करायची, ऐंशी पानांची नोटीस आडव्या पडद्यावर न वाचता कागदासारखी उभी धरून वाचायची. या कामांत टॅबलेटच्या जवळपासही लॅपटॉप येत नाही. यूडीआयएन (सीएने सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक) काढणं, ईमेल, क्लायंटशी व्हिडिओवर बोलणं हे सगळं टॅबलेटवरच होतं.

जे टॅबलेटवर होत नाही, ते ऑफिसातल्या पीसीवर दुरून करायचं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर तिथे, आयकर आणि जीएसटीची ऑफलाइन युटिलिटी तिथे. टीडीएसचं रिटर्न बनवायची युटिलिटी जावा या प्रणालीवर चालते, म्हणून तीही तिथेच. आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो (शीटमध्येच लिहून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालत नाहीत, तेव्हा मॅक्रो असलेल्या शीटही तिकडेच. पीसीवर विंडोज प्रो टाकलं, कारण होम आवृत्तीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप जोडता येत नाही. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट उघडून ठेवायचा सोपा मार्ग पुष्कळ जण घेतात. तो मी कधीच घेत नाही. त्या उघड्या दारातून फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर शिरतं, आणि सीए ऑफिसात ते शिरलं तर शंभर घरांचे हिशेब एका रात्रीत जातात. टॅबलेटवर आणि पीसीवर व्हीपीएन, म्हणजे नेटवरची खाजगी बंद वाट, टाकून फक्त त्यातूनच वाट ठेवली. पीसीची झोप बंद केली. बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय लावला. हा पर्याय विसरला तर लाइट जाऊन यूपीएस संपला की पीसी बंद पडतो, आणि दोनशे किलोमीटरवरून तो चालू करायला कोणी नसतं.

कीबोर्डवर मात्र दोन दिवस गेले. त्या कीबोर्डला वरची एफ-वाली ओळ नाही आणि एस्केपही नाही. टॅलीत बसणाऱ्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, जर्नलला एफ७, आणि मागे यायला दर वेळी एस्केप. एस्केप कॅप्स लॉकवर बसवावं असा पहिला विचार होता. पण पॅन आणि जीएसटी क्रमांक दिवसभर कॅपिटलमध्ये लिहायचे असतात, मग कॅप्स लॉक काढून कसं चालेल? शेवटी सेटिंग्जमधल्या हार्डवेअर कीबोर्डखाली जाऊन पृथ्वीगोलाच्या बटणाला एस्केप केलं. मराठी-इंग्रजी बदलायला कंट्रोल आणि स्पेसबार. एफ-ची बटणं रिमोटच्या अ‍ॅपमध्ये पडद्यावर उघडतात, पण जलद नोंदींसाठी ती निरुपयोगी आहेत. नोंदी आर्टिकल करतील, सर फक्त तपासतील, असं ठरलं. आकड्यांसाठी ब्लूटूथचं वेगळं नंबरपॅड दिलं.

पतसंस्थांच्या जुन्या सभावृत्तांचाही प्रश्न आला. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल टॅबलेटवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण ते अक्षर युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या पद्धतीचं, नसतंच, चेहरा फक्त फॉण्टचा असतो. त्या फाइली पीसीवरच पीडीएफ करून ठेवायच्या. पीडीएफमध्ये फॉण्ट आतच बसतो.

चार महिने हे सुरळीत चाललं. सर खूश होते.

आता टोकन. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच: डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका यूएसबी टोकनमध्ये असते. सहीची किल्ली त्यातून बाहेर कॉपी होत नाही. टोकन हातात पाहिजे आणि पिन ठाऊक पाहिजे, तरच सही. आयकर पोर्टलवर सही करताना ब्राउझर त्याच यंत्रावर चालणाऱ्या एम्ब्रिज नावाच्या छोट्या प्रोग्रामशी बोलतो, आणि तो प्रोग्राम टोकनशी. हा प्रोग्राम टॅबलेटवर नाही. म्हणून टोकन टॅबलेटला जोडून काही उपयोग नव्हता. गावी जाण्याआधी सरांनी स्वतः ते आपल्या केबिनमधल्या पीसीला लावलं आणि केबिनला कुलूप घातलं. पिन कोणालाच दिला नाही.

हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. मी पाहिलेल्या बहुतेक ऑफिसांत एक प्लास्टिकचा डबा असतो. त्यात क्लायंटांची तीस-चाळीस टोकनं, प्रत्येकावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव आणि खाली पिन. कोऱ्या चेकबुकावर सह्या करून ते टेबलावर ठेवण्यासारखं आहे हे, आणि ते करणारी माणसं दुसऱ्यांचे हिशेब तपासतात. सरांनी तसं केलं नव्हतं. त्या संध्याकाळची अडचण काही प्रमाणात त्यांच्या काटेकोरपणातूनच आली होती, म्हणून मला ती सोडवायचीच होती.

पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. केबिनची दुसरी किल्ली वॉचमनकडून घेतली. तोवर सरांनी टॅबलेटवरून, दुरूनच, पीसीवरचा एम्ब्रिज दोनदा काढून पुन्हा टाकला होता आणि टोकनचा ड्रायव्हरही पुन्हा बसवला होता. मी फोनवर पहिली गोष्ट विचारली: टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे 'इनिशियलाइझ' दाबलंय का? नाही म्हणाले. हा प्रश्न प्रत्येकाने आधी विचारावा. घाबरलेला माणूस ते बटण दुरुस्तीचं समजून दाबतो आणि आतलं प्रमाणपत्र पुसलं जातं. मग नवीन प्रमाणपत्र काढणं आलं, ओळखपडताळणी, व्हिडिओ आणि बाकी सगळं.

टोकनचा दिवा लागलेला होता. मी पीसीसमोर बसलो, आर्टिकलच्या साध्या खात्याने लॉगिन केलं, टोकनचं सॉफ्टवेअर उघडलं. सरांचं प्रमाणपत्र समोर दिसत होतं. मुदत संपलेली नाही, सगळं ठीक. सरांना म्हटलं, "आता तुम्ही जोडा." त्यांनी टॅबलेटवरून जोडलं, माझा पडदा लॉक झाला, आणि फोनवर सर म्हणाले, "नाही हो, इथे कुठलंच टोकन नाही म्हणतंय." मी परत लॉगिन केलं. आहे. सर आले. नाही. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा बिघाड टोकनमध्ये नाही, ड्रायव्हरमध्ये नाही आणि यूएसबी पोर्टमध्येही नाही, हे नक्की झालं.

कारण रिमोट डेस्कटॉपच्या रचनेतच आहे. टोकन हे विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्ड, म्हणजे चिप असलेलं ओळखपत्र. तुम्ही रिमोट डेस्कटॉपने आत आलात की विंडोज स्मार्ट कार्ड शोधते ते तुमच्या हातातल्या यंत्राला जोडलेलं. ज्या पीसीवर आलात त्याला लावलेलं कार्ड त्या सत्रात दिसतच नाही. कार्ड माणसाजवळ असावं, दूरच्या यंत्राजवळ नव्हे, असा त्यामागचा विचार आहे आणि तो सुरक्षेच्या दृष्टीने बरोबर आहे. विंडोजच्या लॅपटॉपवरून सर आले असते आणि टोकन त्या लॅपटॉपला असतं, तर सही झाली असती. टॅबलेटच्या बाजूने ती वाट बंद होती. चार महिन्यांत हे कळलं नाही, कारण त्या काळात सरांनी सह्या केल्या त्या केबिनमध्ये पीसीसमोर बसूनच.

उपाय: विंडोजचा रिमोट डेस्कटॉप वापरायचाच नाही. पीसीचा खरा पडदा जसाच्या तसा दुसरीकडे दाखवणारं सॉफ्टवेअर वापरायचं, म्हणजे विंडोजला वाटतं माणूस समोरच बसलाय. एनीडेस्क त्यातलंच, पण त्याची फुकट आवृत्ती खाजगी वापरापुरती असते, ऑफिसात ती चालवू नये. मी क्रोम रिमोट डेस्कटॉप बसवलं; नाव सारखं असलं तरी ते याच दुसऱ्या जातीचं. पीसीवर सरांचं गुगल खातं त्यांनीच फोनवरून मंजूर केलं, सहा आकडी कोड त्यांनीच दिला, टॅबलेटवर अ‍ॅप उतरवलं. रिमोटचं जुनं सत्र पूर्ण साइन आउट केलं. नुसतं खिडकी बंद करून चालत नाही, सत्र मागे जिवंत राहतं. मग नव्या वाटेने सरांनी स्वतः लॉगिन केलं, एम्ब्रिज उघडला, ब्राउझर नव्याने उघडला. टोकन दिसलं. सव्वासात झाले होते.

गावातलं नेटवर्क कमजोर होतं. ही पद्धत पडद्याचं चित्र पाठवते, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपपेक्षा तिला जास्त नेट लागतं. पीसीचं रेझोल्यूशन १३६६ गुणिले ७६८ वर आणलं, मागचं चित्र काढून काळा रंग ठेवला, तेव्हा जरा हललं. टॅबलेटवर दुसरं अ‍ॅप उघडून तिथे रेंगाळलं की जोडणी तुटते, कारण मागे गेलेलं अ‍ॅप थोड्या वेळात झोपवलं जातं. सरांना सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅप फोनवर बघा, टॅबलेटला हात लावू नका.

पिनची वेळ आली तेव्हा मी मॉनिटर बंद केला आणि केबिनबाहेर गेलो. दोन मिनिटांनी फोन: पिन चुकीचा. मी लगेच थांबवलं. ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं, आणि मग त्या रात्री काहीच होणार नव्हतं. सरांना म्हटलं, नोटपॅड उघडा आणि त्यात पिन नव्हे, गावाचं नाव लिहा. सगळी अक्षरं कॅपिटल आली. लॉगिनला पॅन लिहिताना लावलेलं कॅप्स लॉक तसंच राहिलं होतं. चौकटीत ठिपकेच दिसतात, आणि कॅप्स लॉक टॅबलेटच्या बाजूला असल्याने पीसीला त्याचा पत्ताच नव्हता, म्हणून इशाराही आला नव्हता.

पुढचा पिन बरोबर बसला. पहिला रिपोर्ट सात चाळीसला गेला, सहावा नऊ वाजून पाच मिनिटांनी. प्रत्येक रिपोर्ट गेल्यावर क्लायंटला आपल्या लॉगिनमध्ये तो मंजूर करावा लागतो, तोवर काम पुरं होत नाही. सहापैकी पाच जणांचं आधारच्या ओटीपीवर झालं. एका कंपनीच्या संचालकाला स्वतःचं टोकन घेऊन ऑफिसात यायला लागलं. ते दहाला आले आणि आर्टिकल मुलीने त्यांना खुर्ची देऊन पिन त्यांनाच टाकायला लावला. ती मुलगी चांगली सीए होईल.

मला अजून टोचतं ते माझ्या यादीचं. व्हीपीएन, यूपीएस, फॉण्ट, एस्केप, सगळं तपासलं होतं. सर केबिनबाहेर असताना एक सही प्रत्यक्ष करून बघायची, एवढं राहिलं. आता कोणी लॅपटॉप सोडून टॅबलेटवर जायचं म्हणालं की मी आधी विचारतो, तुमची सही कुठे होते? वकील असोत, सीए असोत की सरकारी टेंडर भरणारे कंत्राटदार, जिथे टोकन आहे तिथे एक पीसी किंवा लॅपटॉप राहणारच, आणि त्या टोकनापर्यंत माणूस कसा पोचणार हे पहिल्या दिवशी ठरवायचं.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्या रात्री मी जे जमवलं, त्यात टोकन एका रिकाम्या खोलीत लावलेलं आणि नेटवरून त्या खोलीत जाता येतं. टोकन हातात असण्याचा अर्थच त्यात निम्मा जातो. सध्या ऑफिसात असं आहे: टोकन लोखंडी कपाटात. सर बाहेरगावी असले आणि सही हवी असली की फोन करतात, आर्टिकल कपाट उघडून ते लावते, सर पिन टाकतात, सही झाली की ती लगेच काढून ठेवते आणि वहीत वेळ लिहिते. नव्या वाटेचं सॉफ्टवेअर सहीपुरतंच चालू करतो, एरवी त्याची सर्व्हिस बंद. सरांना हे पुरेसं वाटतं. मला वाटत नाही. सप्टेंबर जवळ आला की सरांनी जुना लॅपटॉपच पिशवीत टाकावा, असं मी त्यांना तीनदा सांगितलंय.